मातृभाषा आहे, मग शिकवायला वेगळं काय शिकायचं?

‘ज्याची जी मातृभाषा, त्याला ती शिकवता येतेच, त्यासाठी उपयोजित भाषाविज्ञानात (भाषेचं शास्त्र शिकवण्यासारख्या कामांत वापरणारी शाखा) एम.ए. कशाला?’ हा समज जुना आहे आणि स्वाभाविकही. पण भाषा येणं आणि ती समजावता येणं ही दोन कौशल्यं आहेत.

पडताळून पाहा. ‘तिने चहा केला’, मग ‘तिने चहा प्यायला’ का नाही? ‘ती चहा प्यायली’ आपण अचूक बोलतो, पण कारण विचारलं की अडखळतो. भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो. पिणे, शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदं अपवाद. परभाषक विद्यार्थी नेमका इथेच चुकतो, कारण तो नियम सगळीकडे लावतो.

उपयोजित भाषाविज्ञानात अशा चुकांचं विश्लेषण, ध्वनिविचार, द्वितीय भाषा आत्मसात होण्याची प्रक्रिया आणि चाचणी-रचना असे विषय सहसा शिकवतात. कोणताही अभ्यासक्रम उघडून विषय वाचावेत. मातृभाषकाचा कान मात्र मोलाचाच.