स्केट्स दोन साइझ मोठे घ्यायचे का?

"पोराचा पाय वाढतोय, आइस हॉकीचे स्केट्स दोन साइझ मोठे घ्या, आत दोन मोजे घाला" हा सल्ला कॅनडातल्या आपल्या मराठी घरांतही फिरतो. पैसे वाचवायची धडपड समजते, पण मोठ्या स्केटमध्ये टाच उचलली जाते, घोटा आत कलतो, मूल ब्लेडवर नीट उभंच राहत नाही आणि जाड मोज्यांनी उलट फोड येतात. शिवाय हॉकी स्केटचा नंबर साध्या बुटापेक्षा साधारण एक-दीड कमीच असतो.

घरीच बघा: पातळ मोजा, लेस सैल, पायाची बोटं पुढे टेकवा, टाचेमागे तुमचं एक बोट मावलं तर ठीक, दोन मावली तर मोठा. मग टाच मागे ठोकून लेस आवळा, गुडघे वाकवल्यावर टाच हलता कामा नये. वाढीसाठी अर्धा नंबर पुरे, आणि बजेट कमी असेल तर मापाचे सेकंडहँड बिनधास्त घ्या.