मांजर व्यायला आली, आता हात आवरा

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मनीसाठी खोक्यात जुन्या चादरी घालून ऐसपैस बाळंतखोली केली होती. ती व्याली कपाटात, आईच्या इरकली साड्यांच्या घडीवर. खोकं येण्याजाण्याच्या वाटेत होतं आणि कपाटात काळोख होता, म्हणजे चूक आमचीच.

मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65 भरतात. एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असणारं तिचं तापमान व्यायच्या आदल्या दिवसात बहुधा 37.8 च्या खाली उतरतं, कारण गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन ओसरतं. कुत्रीइतकी ही खूण मांजरीत भरवशाची नाही. त्यापेक्षा तिचं कोपरे हुंगत फिरणं जास्त बोलकं.

कळा येतात ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. मांजर घाबरली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावतात. दोन पिलं झाल्यावर ती चक्क थांबते, पिलांना पाजते, खाते आणि उरलेली कधीकधी 24 ते 36 तासांनी देते. शेजारच्या सगळ्या पोरांना पिलं दाखवायला बोलावू नका, ते यासाठी. पण हे थांबणं निवांत असायला हवं. ती वीस-तीस मिनिटं जोरात कळा देतेय आणि पिलू येत नाही, लालभडक रक्त वाहतंय किंवा ती मलूल पडलीय, तर लगेच डॉक्टर गाठा. रात्री दोनला उघडा असणारा दवाखाना आधीच हेरून ठेवलेला बरा.

शेपटीकडून आलेलं पिलू पाहून मात्र धास्तावू नका. मांजरांत जवळपास 40 टक्के पिलं पायाळूच जन्मतात. (त्यांच्या लाथेने उसण जाते का, हे कुणी तपासल्याचं ऐकिवात नाही.)

हात घालायची वेळ एकच: पिलू पातळ पिशवीत आहे आणि आई ती मिनिटभरातही फाडत नाही. मग नाकातोंडावरची पिशवी आपण फाडायची, तोंड पुसायचं आणि खरखरीत टॉवेलने अंग चोळायचं. वार ओढायची नाही. मांजर ती खाते, खाऊ द्या.

पिलू लगेच आचळाला लावायचं. खरवसाला लागतो तसलाच हा पहिला चीक. पिलाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं फारच थोडी मिळतात, बहुतेक या चिकातून येतात. आणि साधारण सोळा तासांनी ती द्रव्यं शोषून घेणारी आतड्याची वाट बंद होते. जेमतेम शंभर ग्रॅमच्या या जिवाला स्वतःची ऊबही राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात जागा तीसेक अंशांवर हवी, म्हणून पुण्यातल्या जानेवारीत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवा. पिलाला तिच्यापासून सरकायला जागाही हवी.

मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात. आकडा सोडा, पण जागेला वास लागला, वर्दळ वाढली किंवा बोक्याची चाहूल लागली की ती बिऱ्हाड हलवते हे खरं. पाचव्या दिवशी मनीने चारही पिलं मानगुटीला धरून दिवाणाखाली नेली. साड्या धुवायला काढत आई म्हणाली, "अजून पाच राहिली."