ली तिये: चिनी फुटबॉलच्या प्रत्येक प्रयोगातून गेलेला मिडफिल्डर

१३ डिसेंबर २०२४ रोजी हुबेई प्रांतातल्या शियाननिंगच्या न्यायालयाने ली तिये याला लाचखोरीबद्दल २० वर्षांची शिक्षा ठोठावली. 'चीनचा माजी प्रशिक्षक तुरुंगात' अशा मथळ्याने बातमी जगभर गेली. पण राष्ट्रीय प्रशिक्षकपद हे त्याच्या आयुष्यातलं जेमतेम दोन वर्षांचं प्रकरण. त्याआधी तो मिडफिल्डर होता, आणि चीनमधल्या सर्वांत कष्टाळू मिडफिल्डरांपैकी एक. गेल्या ३० वर्षांत चिनी फुटबॉलने जे जे करून पाहिलं, त्या जवळपास प्रत्येक गोष्टीत ली तिये होता. म्हणून ही कारकीर्द पहिल्यापासून पाहायला हवी.

जन्म १९७७ चा, शेनयांगचा. ईशान्य चीनमधलं हे कारखान्यांचं शहर लिआओनिंग प्रांताची राजधानी आहे, आणि लिआओनिंग म्हणजे त्या काळी चिनी फुटबॉलचं माहेरघर. १९८४ पासून सलग दहा वर्षं देशातली कोणती ना कोणती मोठी स्पर्धा लिआओनिंगने जिंकली. १९९० मध्ये आशियाई क्लब अजिंक्यपद मिळवणारा पहिला चिनी संघही तोच.

१९९२ मध्ये चीनने फुटबॉल व्यावसायिक करायचं ठरवलं आणि १९९४ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. या दोन घटनांच्या मधोमध, १९९३ च्या अखेरीस, २२ मुलांना ब्राझीलला पाठवण्यात आलं. खर्च उचलला जियानलिबाओ या शीतपेय कंपनीने. ग्वांगडोंगमधली ही कंपनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून चीनमध्ये घरोघरी पोचली होती. साव पावलोजवळच्या एका आडगावी तळ पडला. जू ग्वांगहू प्रशिक्षक होते आणि मुक्काम जवळपास पाच वर्षांचा झाला. सोळा-सतरा वर्षांची पोरं, घरापासून अर्ध्या जगाएवढी लांब. खेळायचं स्थानिक ब्राझिलियन युवा संघांशी, राहायचं मात्र आपापसात. मला या योजनेतली हीच मोठी उणीव वाटते. मुलं ब्राझीलमध्ये होती, पण ब्राझिलियन क्लबांत विखुरलेली नव्हती. एका चिनी वसतिगृहाची जागा तेवढी बदलली होती. तरीही त्यातून ली तिये, ली जिन्यू, ली वेइफेंग असे खेळाडू निघाले आणि पुढची दहा वर्षं राष्ट्रीय संघाचा कणा ठरले. त्यामुळे योजना वाया गेली असं म्हणता येणार नाही.

या मुलांमध्ये ली तिये सर्वांत गुणी नव्हता. चेंडूवरची हुकमत, गोल करण्याची नजर यात इतर पुढे होते. त्याच्यापाशी होतं ते पळणं. चिनी लीगमध्ये त्या काळी बारा मिनिटांच्या धावण्याची सक्तीची चाचणी असे. ठरावीक अंतर कापलं नाही तर मोसमात खेळता यायचं नाही, आणि भलेभले कसबी खेळाडू तिथे रडकुंडीला यायचे. ली तियेला मात्र त्या चाचणीची धास्ती कधी नव्हती. पळून पळूनही न मरणारा, अशी त्याची ओळख झाली. मधल्या फळीत मागे राहून प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढायचा, जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा आणि पुन्हा पळायचं, हा त्याचा खेळ. टाळ्या मिळवणारं हे काम नव्हे. पण अशा एका खेळाडूवाचून संघ उभा राहत नाही.

१९९९ मध्ये लिआओनिंगचा संघ दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आला होता. सगळी तरणी पोरं, आणि प्रशिक्षक झांग यिन. नव्याने बढती मिळालेला हा संघ थेट विजेतेपदाच्या दारात पोचला. शेवटच्या दिवशी बीजिंगविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि किताब शानडोंगकडे गेला. लिआओनिंगची लीग जिंकण्याची संधी पुन्हा इतकी जवळ आली नाही.

मग आला ७ ऑक्टोबर २००१. शेनयांगचं वुलिहे स्टेडियम, समोर ओमान, चीनचे प्रशिक्षक बोरा मिलुटिनोविच. यू गेनवेईने पहिल्या सत्रात गोल केला, चीन १-० ने जिंकला आणि पुरुष विश्वचषकासाठी पहिल्यांदाच पात्र ठरला. ली तियेसाठी हा सामना घरच्या गावात होता. आजपर्यंत चीनला तो क्षण दुसऱ्यांदा मिळालेला नाही, आणि ते स्टेडियमही २००७ मध्ये पाडून टाकलं. २००२ च्या विश्वचषकात चीन कोस्टारिकाकडून २-०, ब्राझीलकडून ४-० आणि तुर्कस्तानकडून ३-० असा हरला. एकही गोल करता आला नाही. ली तिये तिन्ही सामने खेळला. मायदेशी टीका झाली, पण पराभवाची लाज कुणाला फार वाटली नाही. ही तर सुरुवात आहे, असंच सगळे धरून चालले होते.

त्याच उन्हाळ्यात तो लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबकडे उसनवारीवर गेला. या व्यवहारामागे केजियान ही चिनी मोबाइल कंपनी होती. एव्हर्टनच्या जर्सीवर तिचं नाव झळकत होतं. सोबत ली वेइफेंगही गेला. जाहिरातदारासाठी आणलेले खेळाडू, म्हणजे बाकावर बसवायला आणलेले, असाच समज होता, आणि ली वेइफेंगला खरोखरच फारशी संधी मिळाली नाही. ली तियेने मात्र तो समज खोटा पाडला. १७ ऑगस्ट २००२ ला टॉटनहॅमविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात एव्हर्टनचा प्रशिक्षक डेव्हिड मॉयेसने त्याला मधल्या फळीत उतरवलं. पुढे इंग्लंडचा मोठा खेळाडू ठरलेल्या वेन रूनी नावाच्या सोळा वर्षांच्या पोराचंही पदार्पण त्याच सामन्यात झालं. त्या मोसमात ली तिये लीगचे २९ सामने खेळला आणि एव्हर्टन सातव्या क्रमांकावर राहिलं. जाहिरातीच्या करारातून आलेल्या खेळाडूला कुठलाही प्रशिक्षक २९ वेळा मैदानात उतरवत नाही. ती जागा त्याने पळून कमावली होती.

१ जानेवारी २००३ ला एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी समोरासमोर आले. सिटीकडे सुन जिहाई होता. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये दोन चिनी खेळाडू एकमेकांविरुद्ध! सामना २-२ असा सुटला आणि चीनमध्ये कोट्यवधी लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. इंग्लिश क्लबांना चिनी बाजारपेठेची खरी चाहूल लागली ती या सामन्याने.

२००३ मध्ये एव्हर्टनने त्याला कायमचं विकत घेतलं. पण दुसऱ्या मोसमात तो लीगचे पाचच सामने खेळू शकला. २००४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघाकडून खेळताना त्याच्या नडगीला गंभीर दुखापत झाली. पळण्यावर उभ्या असलेल्या खेळाडूचा पायच गेला, मग उरतं काय? एव्हर्टनच्या पहिल्या संघात तो पुन्हा रुळला नाही. २००६ मध्ये शेफील्ड युनायटेड, तिथून त्याच क्लबच्या मालकीचा चेंगडू ब्लेड्स, मग पुन्हा लिआओनिंग, आणि २०११ मध्ये निवृत्ती. देशासाठी तो सुमारे ९० सामने खेळला.

त्या वर्षांत चिनी फुटबॉल आतून पोखरलेलं होतं. २०१२ मध्ये मोठे खटले निकाली निघाले: फुटबॉल संघटनेचे दोन माजी प्रमुख, नान योंग आणि शिये यालोंग, दोघांनाही साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. विश्वचषकात पंचगिरी केलेला लू जून तुरुंगात गेला. शेन सी, ची होंग, जियांग जिन आणि ली मिंग हे ली तियेचे राष्ट्रीय संघातले सहकारी सामनेनिश्चितीत अडकले. ली तियेचं नाव त्यात नव्हतं. तो तेव्हा ग्वांगझू एव्हरग्रांद या क्लबमध्ये इटालियन प्रशिक्षक मार्चेलो लिप्पीचा सहायक होता.

एव्हरग्रांद ही बांधकाम कंपनी. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बिल्डरांनीही क्लब विकत घेतले आणि फुटबॉलमध्ये पैशाचा पूर आला. ली तियेने २०१५ मध्ये हेबेई चायना फॉर्च्यूनला आणि २०१८ मध्ये वुहान झालला सर्वोच्च श्रेणीत आणलं. हुशार, शिस्तीचा, देशी प्रशिक्षक म्हणून नाव झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सीरियाकडून हरल्यावर तेव्हा राष्ट्रीय प्रशिक्षक असलेल्या लिप्पीने पद सोडलं आणि जानेवारी २०२० मध्ये ली तिये त्या जागी आला. कतार विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलिया, जपान, सौदी अरेबियाकडून पराभव झाले, व्हिएतनामला ३-२ असं कसंबसं हरवलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याने पद सोडलं.

पुढचं नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. कतारमध्ये विश्वचषक रंगात असतानाच त्याची चौकशी जाहीर झाली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारी वाहिनीवरच्या माहितीपटात ली तिये स्वतः बोलताना दिसला. राष्ट्रीय प्रशिक्षकपद मिळावं म्हणून एकूण ३० लाख युआन दिले गेले होते: वुहान क्लबकडून २० लाख संघटनेचे अध्यक्ष चेन शूयुआन यांना, आणि १० लाख सरचिटणीस लिऊ यी यांना. बदल्यात वुहानचे चार खेळाडू राष्ट्रीय संघात घेण्यात आले. दर्जा नसताना. क्लबने त्याच्याशी ६ कोटी युआनचा करार केला होता. हेबेई आणि वुहानची बढतीही सामने ठरवून मिळवल्याचं त्याने कबूल केलं. खेळाडू असताना मला या प्रकारांचा तिटकारा होता, पण एकदा अशा वाटेने यश मिळालं की त्याची सवय लागते, अशा आशयाचं तो बोलला.

हे वाचताना मला सर्वांत जास्त खुपतं ते ३० लाखांचं कारण. देशातल्या नावाजलेल्या देशी प्रशिक्षकांपैकी तो एक होता. त्यालाही हे पद विकत घ्यावंसं वाटलं, यातून त्याचा गुन्हा कमी होत नाही. पण संघटनेत काय दराने काय विकलं जात होतं ते दिसतं. चेन शूयुआन यांनी आठ कोटींहून अधिक युआन घेतल्याचं सिद्ध झालं आणि त्यांना जन्मठेप झाली. लिऊ यी यांना ११ वर्षं. ली तियेचं अपील एप्रिल २०२५ मध्ये फेटाळलं गेलं.

तो ज्या चिनी क्लबांत खेळला किंवा ज्यांना त्याने शिकवलं, त्यांतला एकही आता उरलेला नाही. चेंगडू आधीच बुडाला. खेळाडूंचे पगार थकवून लिआओनिंग २०२० मध्ये बंद पडला, वुहान आणि हेबेई २०२३ मध्ये, तर ग्वांगझू जानेवारी २०२५ मध्ये. जून २०२५ मध्ये जकार्तात इंडोनेशियाकडून १-० ने हरून चीन ३२ वरून ४८ संघांपर्यंत वाढवलेल्या २०२६ च्या विश्वचषकालाही मुकला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं शाओ जियायी याच्याकडे देण्यात आली. तो २००२ च्या विश्वचषक संघातला ली तियेचा सहकारी, आणि तोही मिडफिल्डरच.