पिक्सेल एलईडी पट्टी : मापानुसार कापणी

प्रत्येक दिव्याचा किंवा दिव्यांच्या लहान गटाचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणारी लवचिक दीपपट्टी म्हणजे पिक्सेल एलईडी पट्टी. ती बहुधा ५ मीटरच्या रोलमध्ये मिळते आणि जागेच्या मापाने कापून बसवावी लागते. कोल्हापुरात तालीम मंडळांच्या गणेशोत्सवातील आरास, नवरात्रातील रोषणाई व दुकानांची दर्शनी सजावट ही तिच्या वापराची ठळक क्षेत्रे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कापणीचा विचार केला आहे.

या तंत्राचा उगम कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. एक मत तो रंगमंचीय प्रकाशयोजनेत शोधते. अमेरिकेतील यूएसआयटीटी या रंगतंत्रविषयक संस्थेने १९८६ मध्ये डीएमएक्स५१२ ही संकेतपद्धती मांडली. तीत एका केबलवरून ५१२ चॅनेल चालतात व प्रत्येक दिवा स्वतःला नेमून दिलेल्या क्रमांकाची माहिती तेवढी उचलतो. बोस्टन येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कलर कायनेटिक्स कंपनीने रंगीत एलईडी दिव्यांना या रीतीची जोड दिली. दुसरे मत चालत्या अक्षरांच्या फलकांमधील शिफ्ट रजिस्टरच्या (आलेली माहिती एकेक बिट करून पुढे सरकवणाऱ्या मंडलाच्या) साखळीकडे बोट दाखवते. एचएल१६०६, एलपीडी८८०६, डब्ल्यूएस२८०१ या आयसींच्या (दिव्यांचा रंग नियंत्रित करणाऱ्या चिपच्या) पट्ट्या या साखळीतल्याच असून त्या अंदाजे २०१० च्या आसपास हौशी कारागिरांच्या हाती आल्या. चीनमधील वर्ल्डसेमी कंपनीचा डब्ल्यूएस२८११ साधारण २०१२ च्या सुमारास रूढ झाला. आयसी दिव्याच्याच ५०५० कवचात (५ × ५ मिमी. मापाच्या) बसवलेला डब्ल्यूएस२८१२ त्यानंतर लवकरच आला. सहाऐवजी चार पायांचे त्याचे ‘बी’ रूप आज सर्वत्र आढळते.

कापणीच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डब्ल्यूएस२८१२बी पट्टीतील कोणत्याही दिव्यात क्रमांक साठवलेला नसतो. पहिली आयसी आलेल्या माहितीतील सुरुवातीचे २४ बिट स्वतःकडे ठेवते आणि उरलेले सगळे नव्याने घडवून पुढे देते. दुसरी तेच करते. एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणून एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद आणि ३०० दिव्यांच्या रोलला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. पट्टी मधूनच तोडली, तरी उरलेल्या तुकड्यातील पहिला दिवा आपोआप क्रमांक एकचा होतो. तिची कापणी इतकी सोपी आहे ती यामुळेच. याउलट यूसीएस५१२ सारख्या डीएमएक्स कुळातील पट्टीत प्रत्येक आयसीत पत्ता लिहिलेला असतो. ती कापून जोडल्यावर पत्ते पुन्हा लिहावे लागतात.

कोठे कापायचे हे आयसीच्या मांडणीवर ठरते. ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीत दर दिव्यानंतर कापता येते. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पट्टीत सहसा तीन दिव्यांना मिळून एक आयसी असल्याने दर तीन दिव्यांनंतर कापता येते. गुजरीतील सराफाची ८७ सेंमी. रुंदीची शोकेस उदाहरणादाखल घेऊ. मीटरला ६० दिव्यांच्या ५ व्होल्ट पट्टीत दोन दिव्यांतले अंतर १.६७ सेंमी. असते. ५२ दिवे घेतले तर लांबी ८६.७ सेंमी. भरते आणि उरलेली फट डोळ्याला दिसत नाही. १२ व्होल्ट पट्टीचा गट ५ सेंमी.चा असल्याने ८५ सेंमी.वर थांबावे लागते व २ सेंमी. अंधार राहतो. १२ व्होल्टवरही एकेक दिवा कापायचा असेल, तर डब्ल्यूएस२८१५ घ्यावी. तिला डाटाची जादा तार असते. दागिन्यांवर मात्र पिक्सेल पट्टीचा उजेड टाकू नये. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात सोन्याचा रंग खरा दिसत नाही. तेथे साधी पांढरी पट्टी लावावी आणि पिक्सेल चौकटीपुरती ठेवावी.

कापण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा. डब्ल्यूएस२८१२बी व डब्ल्यूएस२८११ पट्टीत कापण्याच्या जागी तांब्याचे तीन ठिपके असतात : प्लस, डाटा, मायनस. त्यांच्या बरोबर मधल्या रेषेवर धारदार कात्री चालवली की दोन्ही बाजूंना सोल्डरिंगपुरते तांबे उरते. कात्री बोथट असेल तर तांब्याची कड वाकून शेजारच्या ठिपक्याला टेकू शकते. म्हणून कापल्यावर मल्टीमीटर लावून पाहावे. कारखान्यात पट्टी सहसा अर्ध्या मीटरच्या तुकड्यांनी जोडलेली असते. माप अशा सांध्यावर आले तर कात्री न लावता सोल्डर वितळवून सांधा सोडवावा. पट्टीवरचा बाण डाटाची दिशा दाखवतो. कंट्रोलरची (रंगांची माहिती पाठवणाऱ्या यंत्राची) तार बाणाच्या शेपटीकडे, ‘डीआय’ (डाटा इन) ठिपक्याला जोडायची. ‘डीओ’ला (डाटा आउट) जोडली तर तुकडा पेटत नाही.

पट्टी सपाट बाजूने वळते, आडवी वळत नाही. मखराच्या कोपऱ्यात ती दुमडण्यापेक्षा कापून तीन लहान तारांनी जोडणे श्रेयस्कर.

पूर्ण पांढऱ्या उजेडात डब्ल्यूएस२८१२बीचा एक दिवा जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो. वरील ५२ दिव्यांना ३.१ अँपिअर, तर ३०० दिव्यांच्या रोलला १८ अँपिअर लागतात. लांब कमानीत शेवटचे दिवे पिवळट-लालसर दिसू लागले, तर व्होल्टेज पडल्याचे समजावे व एसएमपीएसमधून (पट्टीला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) दुसऱ्या टोकालाही प्लस-मायनस द्यावे. डाटाच्या तारेत सुरुवातीला ३०० ते ५०० ओहमचा रोधक घालण्याची रीत आहे.

भाद्रपदात कोल्हापुरात पाऊस असतो आणि विसर्जन मिरवणूक महाद्वार रोडवरून उघड्यावरच जाते, त्यामुळे कापलेले टोक बंद करणे येथे फार महत्त्वाचे ठरते. सिलिकॉनचे आवरण असलेली पट्टी कापली की त्या टोकापुरते तिचे जलरोधन संपते. टोपी घालून ते न्यूट्रल सिलिकॉनने भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. सुकताना त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते.

उरलेले तुकडे पुढे वापरण्यासाठी ठेवताना प्रत्येकावर व्होल्टेज व आयसी लिहून ठेवावे. ५ आणि १२ व्होल्टचे तुकडे दिसायला सारखे असतात, आणि ५ व्होल्टच्या तुकड्याला १२ व्होल्ट दिले तर तो जळतो.