भिंतीवरची ती वाकडी अक्षरं गँगची खूण नसते हो

उड्डाणपुलाखालच्या खांबावर स्प्रेने लिहिलेली गिचमीड अक्षरं दिसली की आपल्या नाशकात कोणीतरी हमखास म्हणतंच, ही गँगची एरिया मार्क करायची खूण आहे. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि ते बहुतेक वेळा चूक असतं. गँगवाले काही देशांत भिंती रंगवतात हे खरं, पण ग्राफिटी रायटिंग वेगळीच गोष्ट आहे, त्यात माणूस स्वतःचं ठेवलेलं नाव लिहितो, बस. न्यूयॉर्कचा टाकी १८३ बघा, साधा निरोप्या पोरगा, १८३ नंबरच्या रस्त्यावर राहायचा, कामाला शहरभर फिरताना मार्करने नाव लिहीत सुटला आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली, मग शेकडो पोरं लिहायला लागली. एका दमात लिहिलेली सही म्हणजे टॅग, फुगीर दोनरंगी अक्षरं म्हणजे थ्रो-अप, आणि तासन्‌तास खपून केलेलं मोठं काम म्हणजे पीस. पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की रेष कुठे न थांबता वळलीय तेवढं बघाच, हात किती बसलाय ते लगेच कळतं. फक्त पांडवलेण्यांवर नावं कोरणाऱ्यांना यात धरू नका, दोन हजार वर्षांच्या ब्राह्मी लेखांशेजारी खिळ्याने बदाम काढणं ही निव्वळ नासधूस आहे.