तेलात शिरलेला उजेड

"हा फोटो आहे, चित्र कसलं!" पेद्रो कांपोसची चित्रं कुणाला दाखवली की बहुतेक वेळा हेच ऐकू येतं. १९६६ साली माद्रिदमध्ये जन्मलेला हा चित्रकार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फळं, काचेच्या गोट्या, शीतपेयांचे डबे तैलरंगात रंगवतो. प्लॅस्टिकची सुरकुती न् सुरकुती दिसते, तिच्या कडेवर उजेड चमकतो आणि आतून फळाची धूसर लाली डोकावते. या शैलीचं नाव हायपररिअॅलिझम. कलाविक्रेते इझी ब्राशो यांच्या ब्रुसेल्समधल्या १९७३ च्या प्रदर्शनातून हा शब्द रूढ झाला. (दालीचा अतिवास्तववाद तो वेगळा, गल्लत नको.)

लोक कौतुक करतात ते हाताचं, आणि ते रास्तच आहे. पण तेलाबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मला सांगायचं आहे ते तेलाबद्दलच.

वडापाव बांधलेला कागद आठवा. तेलाचा डाग पडला की तिथून पलीकडची अक्षरं दिसू लागतात. कागद एरवी पांढरा दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते आणि हवा व तंतू यांच्या प्रत्येक सीमेवर थोडा थोडा प्रकाश परततो. किती परतणार, ते दोघांच्या अपवर्तनांकांतल्या (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो, ते सांगणाऱ्या अंकांतल्या) फरकावर ठरतं. हवेचा १, तंतूंचा साधारण १.५. खाद्यतेलाचा १.४७ च्या आसपास. तेलाने हवेला हुसकावलं की सीमा जवळजवळ पुसलीच जाते.

थोडं गणित करू. प्रकाश सरळ समोरून पडत असेल, तर दोन अंकांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचं आणि वर्ग करायचा; तेवढा हिस्सा परततो. खडूच्या भुकटीचा अंक सुमारे १.६. हवेत ती प्रत्येक सीमेवर ५ टक्के प्रकाश परतवते. चित्रकाराच्या जवसाच्या तेलात (१.४८) हेच उत्तर ०.१५ टक्के येतं, म्हणजे तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. काचा बसवताना सुतार लावतो ती लांबी (पुट्टी) पांढऱ्याशुभ्र खडूची असूनही मळकट दिसते, ती याचमुळे. टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा अंक मात्र २.७. तेलातही तो ८ टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणून खालचं सगळं झाकतो.

तैलचित्रकाराच्या हाती असे दोन्ही प्रकारचे रंग असतात. पारदर्शक रंगाचा पातळ हात फिरवला की प्रकाश त्यातून खाली जातो, पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि त्याच रंगातून परत येतो. प्रकाश दोनदा गाळला जातो! फळाच्या सालीत खोली भासते ती यातून. चमकेसाठी वर झाकणारा पांढरा ठिपका. खरी चमक या ठिपक्यापेक्षा कितीतरी प्रखर असते, म्हणून भोवतालचा भाग मुद्दाम गडद ठेवावा लागतो.

तैलरंग पंधराव्या शतकातल्या यान व्हान आइक या चित्रकाराने शोधला आणि त्याची गुप्त कृती हरवली, ही कथा अजूनही फिरते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांतल्या सातव्या शतकातल्या चित्रांत सुकणारी तेलं सापडली आहेत आणि त्या सुकण्यात गूढ काही नाही. जवसाच्या तेलातल्या लिनोलेनिक आम्लाला तीन दुहेरी बंध असतात. तिथे हवेतला ऑक्सिजन घुसतो, रेणू एकमेकांत गुंफले जातात. तेल उडून जात नाही, उलट सुरुवातीला त्याचं वजन वाढतं! खोबरेलात असे बंध फारच थोडे, म्हणून त्याचा रंग कधी वाळणारच नाही.

ही प्रक्रिया वर्षानुवर्षं चालू राहते आणि तेलाचा अपवर्तनांक हळूहळू चढत जातो, रंगकणांच्या अंकाजवळ येतो आणि रंग अधिकाधिक पारदर्शक होतो. जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, आणि कांपोसचं शिक्षण त्याच विद्येतलं आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत डच चित्रकार पीटर द होखचं १६५८ च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यातली मोलकरीण त्याने मागाहून, आधी रंगवलेल्या फरशीवर काढली. आज तिच्या घागऱ्यातून खालच्या फरश्यांचे चौकोन दिसतात.