सरकारी कागदपत्रांतील दशमान एकके

सरकारी अर्ज, दाखले व दस्त यांत लांबी, क्षेत्रफळ, वजन इत्यादी मापे मीटर, किलोग्रॅम आणि त्यांवर आधारलेल्या एककांत लिहिण्यास असलेली कायद्याची मान्यता. काही देशांत हा केवळ ऐच्छिक हक्क आहे. अमेरिकेने 1866 च्या कायद्याने दशमान मापे वैध ठरवली आणि निव्वळ त्या मापांमुळे कोणताही करार किंवा न्यायालयातील कैफियत आक्षेपार्ह ठरणार नाही असे स्पष्ट केले. फूट आणि पौंड मात्र चालूच राहिले. भारतात ही सवलत नसून बंधन आहे, त्यामुळे हक्क सांगण्याची वेळ अर्जदारावर सहसा येत नाही.

1956 च्या वजने व मापे प्रमाण अधिनियमाने शेर, मण, तोळा यांची जागा दशमान एककांना दिली आणि ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. सध्या लागू असलेल्या वैधमापनशास्त्र अधिनियम, 2009 च्या कलम 4 नुसार वजनमापाचे प्रत्येक एकक दशमान पद्धतीचेच असले पाहिजे, तर कलम 11 वस्तू आणि सेवांच्या संदर्भात अन्य एककांत भाव सांगणे, बिल देणे किंवा जाहिरात करणे यांस मनाई करते. तोंडी सांगितलेला भावही या मनाईतून सुटत नाही, हे विशेष. कोल्हापूरच्या गुजरीत तोळ्याचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि तो सांगणाऱ्या सराफाला याची फारशी फिकीर असल्याचे दिसत नाही. मूळचा तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा, आता 10 ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात आहे.

कागद आणि बोलणे यांतील खरी फारकत जमिनीत दिसते. करवीर, कागल किंवा शिरोळ तालुक्यातील उसाच्या रानाचा सौदा गुंठ्यावर ठरतो, पण सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने येते. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, अर्थात सुमारे 101.17 चौरस मीटर. फरक इतका थोडा की व्यवहारात दोन्ही सर्रास एकच धरले जातात. मात्र चाळीस गुंठ्यांचा एकर 40.47 आर भरतो. उताऱ्यावर 0.40.00 असे क्षेत्र असलेले रान ‘पुरा एकर’ म्हणून विकत घेणाऱ्याला जवळजवळ अर्धा गुंठा कमी मिळतो, आणि शहरालगतच्या बिनशेती भूखंडांच्या भावात ही तूट हलकी नसते. बांधावरच्या भांडणात प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे माप पुढे करतो. मोजणीचा नकाशा आणि उतारा मात्र दशमानातच बोलतात.

इतर ठिकाणी बदल बराच रुळला आहे. ऊस टनावर आणि गूळ क्विंटलवर जातो. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान 165 सेंटीमीटर लागते, जरी त्याच तरुणाच्या लग्नाच्या परिचयपत्रात ती पाच फूट अमुक इंच अशीच छापली जाते. सदनिकेचे चटई क्षेत्र करारात चौरस मीटरमध्ये असते, भाव मात्र चौरस फुटाचा विचारला जातो.

शासन स्वतःही सर्वत्र दशमान नाही. राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट अशीच जाहीर होते. मीटरमध्ये या पातळ्या अनुक्रमे सुमारे 11.89 आणि 13.11 ठरतात. राधानगरी धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद) आणि धरणातील साठा टीएमसीत (अब्ज घनफूट) सांगितला जातो. पुराची सूचना ही वस्तूंची देवघेव नसल्याने कलम 11 ची मनाई तिला थेट लागू होत नाही. कलम 4 चे शब्द मात्र अधिक व्यापक आहेत, आणि या पातळ्यांसोबत मीटरमधील आकडा देण्यास कायद्याची कोणतीच आडकाठी नाही.